ऑटिझमच्या ‘सात सत्यां’ना एका ऑटिस्टिक बाईचं उत्तर

गेल्या रविवारी सकाळी सव्वासातला आमच्या घरच्या ग्रुपवर आत्याने एक मेसेज टाकला. ‘ऑटिझमची ७ सत्यं, जी डॉक्टर तुम्हाला कधीच सांगणार नाहीत!’ वर तीन लाल दिवे, खाली ‘जास्तीत जास्त आयांपर्यंत पोचवा’. असले मेसेज मी उघडत नाही. गरम लिंबूपाण्याने कॅन्सर पळवणाऱ्यांशी भांडायची हौस कधीच फिटली. पण साडेसातला तोच मेसेज आईने मला वेगळा पाठवला आणि खाली स्वतःची एक ओळ लिहिली: ‘सहावा मुद्दा वाच. खरंच का गं?’

आई एकाहत्तर वर्षांची आहे. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली. माझं निदान चार वर्षांपूर्वी झालं, माझ्या वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तेव्हा तिने एकच विचारलं होतं, ‘म्हणजे तू मुद्दाम करत नव्हतीस?’ त्यानंतर तो विषय आमच्यात शांत झाला होता. आत्याच्या मेसेजने तो पुन्हा उकरून काढला, म्हणून हे लिहायला बसले.

सात सत्यं अशी: (१) ऑटिझम पूर्वी नव्हता, हे पाश्चात्त्यांचं फॅड आहे. (२) तो मोबाईलमुळे होतो. (३) लसींमुळे होतो. (४) खरा ऑटिस्टिक चेहऱ्यावरून ओळखू येतो. जो बोलतो, नोकरी करतो, तो ऑटिस्टिक नव्हे, नखरेल. (५) लोक सवलतींसाठी सर्टिफिकेटं काढतात. (६) नोकरी करणाऱ्या आयांची मुलं मायेविना अशी होतात. (७) गहू आणि दूध बंद करा, ९० दिवसांत मूल बरं. सातव्याच्या खाली एक मोबाईल नंबर.

क्रमाने जायचा माझा स्वभाव आहे, तो का आहे हे माझ्या रिपोर्टातच लिहिलंय. आज मात्र चौथ्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात डोकं फिरलं ते तिथे.

चेहऱ्यावर नेमकं काय दिसायला हवं होतं? आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत २१ प्रकारच्या अपंगत्वांत ऑटिझम येतो. तिथली व्याख्या साधारण अशी: मेंदूच्या वाढीशी निगडित, बहुधा आयुष्याच्या पहिल्या तीन वर्षांत दिसू लागणारी अवस्था, तिच्यामुळे संवाद साधणं, नाती समजणं आणि इतरांशी जुळवून घेणं यांवर मोठा परिणाम होतो, आणि ठरावीक गोष्टी ठरावीक रीतीनेच करण्याची ओढ पुष्कळदा असते. यात नाक, डोळे, कपाळ कुठेही नाही. ‘आजार’ हा शब्दही नाही. मेसेज लिहिणाऱ्याने कायद्याचं एवढं एक पान वाचलं असतं तरी सातातले निम्मे मुद्दे त्याला खोडावे लागले असते.

आता ‘बोलते, नोकरी करते’ याबद्दल. मी एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची कामं बघते. क्लायंटशी बोलते. बोलताना मी त्यांच्या डोळ्यांत बघत नाही. समोर बाई असेल तर टिकलीकडे बघते, म्हणजे डोळ्यांत बघितल्यासारखं दिसतं. पुरुष असेल तर चष्म्याच्या दांडीकडे. चष्मा नसलेला पुरुष आला की माझी पंचाईत होते. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, आठवीत शोधून काढली, एका बाईंनी ‘वर बघून बोल, चोर आहेस का?’ म्हटल्यावर. फोन करायचा असेल तर पहिली तीन वाक्यं वहीत लिहिते. पलीकडच्याने चौथंच काही विचारलं की घशात दगड बसतो.

मागच्या वर्षी भाच्याची मुंज होती. कार्यालयात सनईची कॅसेट मोठ्याने, तिच्यावर कडी करणारा माईकवाला, पंगतीत स्टीलच्या ताटांचा आवाज, अंगावर जरीची टोचणारी साडी आणि दर दोन मिनिटांनी ‘ओळखलंस का मला?’ मी तीन वाक्यं तयार करून गेले होते: ‘प्रवास कसा झाला?’, ‘मुलं काय करतात?’ आणि ‘या ना घरी.’ आलटून पालटून साडेचार तास तीच वापरली. भिक्षावळीच्या फोटोत मी हसतेय. त्या फोटोखाली याच आत्याने लिहिलं होतं, ‘किती छान मिसळली सगळ्यांत!’

घरी आल्यावर दिवा न लावता साडी फेडली आणि बाथरूमच्या फरशीवर आडवी झाले, कारण घरात तेवढीच जागा गार आणि अंधारी होती. नवऱ्याने दाराबाहेर ताकभात ठेवला आणि काही विचारलं नाही. मला बोलता येत नव्हतं. शब्द सुचत होते, तोंडातून निघत नव्हते. त्याला मोबाईलवर टाइप केलं, ‘उद्या बोलते.’ दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी घेतली, कारण लिहिलं ‘पोट बिघडलंय’. ‘मुंजीला गेले होते’ या कारणावर कुणी सुट्टी देत नाही. आत्याला फोटो दिसला, फरशी दिसली नाही. तिने ती बघावी असंही मला वाटत नाही. पण ‘दिसत नाही म्हणजे नाही’ असं ती म्हणणार असेल तर निदान हे तरी सांगावं लागतं की ते दिसू नये म्हणून दिवसभर राबणारी मीच असते.

जाता जाता: ‘स्वमग्न’ हा आपला मराठी शब्द मला कधीच पटला नाही. स्वतःत मग्न! अहो, शेजारच्या घरातल्या ट्यूबलाइटची घूंऽ मला भिंतीपलीकडून ऐकू येते. स्वतःत मग्न होता आलं असतं तर किती सोय झाली असती.

आणि हो, मी ऑटिझमच्या स्पेक्ट्रमच्या, म्हणजे कमी-जास्त गरजांच्या लांबलचक पट्ट्याच्या, ज्या टोकाला आहे तिथून बोलणं सोपं आहे हे मला माहीत आहे. ज्या घरात वीस वर्षांचा मुलगा अजून बोलत नाही, त्याला चोवीस तास माणूस लागतं, त्या आईला माझी टिकलीची गोष्ट लाडिक वाटेल. पण चेहऱ्याचा नियम तिलाही छळतो. आठ वर्षांचं देखणं पोर एसटीत कानांवर हात ठेवून किंचाळतं तेव्हा मागच्या सीटवरून ‘मूल अपंग आहे’ असं येत नाही, ‘काय वळण लावलंय!’ असं येतं.

पाचवा मुद्दा याच्याच शेपटीला बांधलेला आहे. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी मी सरकारी रुग्णालयात गेले. खिडकीवरचा माणूस म्हणाला, ‘पेशंट कुठाय?’ मी म्हटलं, ‘मीच.’ त्याने माझ्या मागे बघितलं. मग म्हणाला, ‘मॅडम, फॉर्म तर तुम्ही स्वतः भरलाय.’ चार फेऱ्या झाल्या. ऑटिझमचं मोजमाप करायला ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी आहे. तिच्यात ४० बाबी असतात आणि प्रत्येकीला एक ते पाच गुण. तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाई मात्र चांगल्या होत्या, त्यांनी पंखा बंद करू का म्हणून विचारलं. दाखला मिळाला, कार्ड आलं. आजवर ते एकदाच वापरलंय, ऑफिसात प्रिंटरपासून लांबची जागा मागताना.

खोटी सर्टिफिकेटं काढणारे असतात, हे मान्य. २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून महिनाभर काय गदारोळ चालला ते सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा ‘असं काही घडतच नाही’ असं मी म्हणणार नाही. पण सवलतींचा हिशेब तरी नीट करा. सरकारी नोकऱ्यांत अपंगांना ४ टक्के आरक्षण, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. आयकरात ७५,००० रुपयांची वजावट, तीही जुनी करप्रणाली घेतली तर. एवढ्यासाठी जन्मभर नाटक करणारी बाई कुणाला भेटली तर मला तिचे पाय धरायचेत.

पहिले तीन मुद्दे पटकन उरकते. पूर्वी नव्हता म्हणे. लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञाने ११ ऑटिस्टिक मुलांचं वर्णन छापलं १९४३ साली, त्याआधी १९२५ मध्ये ग्रुन्या सुखारेवा नावाच्या रशियन डॉक्टरने सहा मुलग्यांचं. आमच्या आजोळी अण्णामामा होते. मिरज, सांगली, कोल्हापूर, तिन्ही स्थानकांतून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा त्यांना पाठ, दोन्ही वेळा दहीभातच खायचे, आणि पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसायचे. त्यांना सगळे ‘विक्षिप्त’ म्हणत. मला घुमी, तुसडी, शिष्ट, माणूसघाणी. एवढे शब्द ज्या भाषेत तयार होते तिथे ही माणसं नव्हती असं कसं म्हणता?

मोबाईल. माझा जन्म १९८७ चा. घरात डायलचा फोन आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. यातलं अर्धं सत्य मात्र गिळावं लागेल: घासागणिक मोबाईल दाखवून भरवलेली, दिवसदिवस स्क्रीनपुढे असलेली लहान मुलं उशिरा बोलतात, हाक मारली तर बघत नाहीत, आणि स्क्रीन बंद केल्यावर त्यातली बरीचशी सुधारतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास स्क्रीन असं सांगितलंय. ते पाळा. पण त्याला ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ असं नाव देऊन जे फिरतंय ते निदानाच्या कुठल्याही अधिकृत पुस्तकात नाही, आणि त्या नावापायी लोक मोबाईल कपाटात ठेवून सहा-सहा महिने वाट बघत बसतात, मुलाला तपासायला नेत नाहीत. न बोलणाऱ्या कित्येक मुलांचा तर टॅबलेट हाच आवाज असतो, पडद्यावरचं चित्र दाबलं की तो शब्द बोलतो. चेन्नईत त्यासाठी ‘आवाज’ नावाचंच ॲप तयार झालंय.

लसीबद्दल दोनच वाक्यं. लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचा १९९८ चा निबंध १२ मुलांवर होता, तो २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये त्याची डॉक्टरकीची नोंदणीही रद्द झाली. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा मागोवा घेऊन २०१९ साली निष्कर्ष आला की गोवराच्या एमएमआर लसीमुळे ऑटिझमचा धोका वाढत नाही.

सातवा मुद्दा म्हणजे दुकान. वरची सहा सत्यं ही त्या दुकानाची पायरी. ज्या पोराला मुळात तीनच पदार्थ चालतात, चपाती, दूध आणि एका ठरावीक कंपनीचं बिस्कीट, त्याचे गहू-दूध बंद करायला सांगणाऱ्याने ते पोर आठवडाभर आपल्या घरी ठेवून दाखवावं. त्या नंबरावर मी फोन केला. (तीन वाक्यं लिहून.) ९० दिवसांनी गुण आला नाही तर ‘पुढची पायरी स्टेम सेलची’, म्हणजे मूळपेशी टोचायची, असं कळलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या काही आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा बाकी सगळा वापर हा संशोधनात मोडतो, उपचार म्हणून विकायचा नाही. हे मी त्या गृहस्थांना सांगितल्यावर फोन कट झाला. लोक यासाठी दागिने मोडतात.

राहिला सहावा.

ही कढी फार शिळी आहे. अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकांत ‘रेफ्रिजरेटर मदर’ असा शब्द होता. ब्रुनो बेटलहाइम नावाच्या गृहस्थांनी आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं हे सांगून नाव कमावलं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, ज्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, ते खोडून काढलं. त्या कढीला आता मराठीत ऊत आणलाय, फक्त ‘थंड’च्या जागी ‘नोकरी करणारी’ घातलंय. बाप नोकरीच करत असतो, त्याने काही होत नाही.

२०१९ मध्येच पाच देशांतल्या वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून एक अभ्यास आला: डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया. ऑटिझम कुणाला होतो यातल्या फरकाचा सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिक. जनुकं सोडून आईच्या बाजूने पडणारा प्रभाव जवळजवळ नगण्य. आईला मी हे वाक्य फोनवर दोनदा वाचून दाखवलं. तिला तेवढ्याने पटेना. म्हणाली, ‘तू तीन महिन्यांची होतीस तेव्हा मी शाळेत रुजू झाले. शेजारच्या काकूंकडे ठेवत होते. तू रडायची नाहीस. मला बरं वाटायचं, रडत नाही म्हणून.’

मग मीच तिला विचारलं की ८० टक्के जर घराण्यातून येत असेल तर आपल्याकडे कुणाकडून आलं असेल? अण्णामामांचं नाव तिने लगेच घेतलं. थोडा वेळ गप्प होती. मग हसायलाच लागली.

‘अगं, तुझे बाबा मला बघायला आले होते ना, ते सबंध वेळ माझ्या टिकलीकडेच बघत होते. मला वाटलं, वाकडी लागलीय. आत जाऊन दोनदा नीट करून आले मी.’