तेवढा मागचा माणूस काढ की

आमच्या नात्यात कुणीही कुठं फिरून आलं की फोटो पहिल्यांदा माझ्याकडे येतात आणि खाली मेसेज, "तेवढा मागचा माणूस काढ की." तेवढा! माणूस म्हणजे काय आमटीतला कढीपत्ता, उचलला आणि ताटाच्या कडेला ठेवला?

परवा आत्तीचं अख्खं घर गोकाकला जाऊन आलं. पावसाळ्यात घटप्रभेला पाणी सुटलं की निम्मं बेळगाव तिथंच असतंय, त्यामुळं फोटोत धबधबा थोडा आणि छत्र्या जास्त. "सगळी काढ, फक्त आम्ही आणि पाणी पाहिजे," आत्तीचा हुकूम.

आता पाण्यासमोरचा माणूस काढायला सोपा, खरंच. 2010 ला फोटोशॉपमध्ये कंटेंट-अवेअर फिल आलं, ते आजूबाजूचं पाणी उचलून मोकळ्या जागेत भरतंय, आणि 52 मीटरवरून पडणाऱ्या त्या गढूळ फेसात कुठलं पाणी कुठलं हे कोण विचारणार. पण त्याला माणूस, दगड, साडी असलं काही कळत नाही, शेजारी दिसेल ते घेतंय, म्हणून एका खडकाला आत्तीच्या इरकलचा काठ आला. मग नमुना कुठून घ्यायचा नाही ते सांगायला लागतं, तिथं मी आत्तीला वगळलं. हे आत्तीला अजून माहीत नाही.

खरा वैताग झुलत्या पुलाचा. सगळ्या सरळ तारा, माणूस पुसला की तार मध्येच तुटून भलतीकडंच निघते, मग क्लोन स्टॅम्प घ्या, म्हणजे एका जागचा तुकडा उचलून दुसरीकडं छापायचं हत्यार, ऑल्ट दाबून तुकडा निवडा, एकेक तार जोडत बसा. शिवाय माणसाबरोबर सावली पण पुसायला लागते, नाहीतर बिनमालकाची सावली पुलावर फिरत राहते. आणि पुलाच्या तोंडाला कणीसवाला, त्याच्या शेगडीचा धूर तारांवरून गेलेला, तो धूर अर्धा दिसतोय अर्धा नाही, त्यात माझी अख्खी रात्र गेली.

भाचा शेजारी बसून हसत होता. "मामा, कशाला बसलाईस, फोनमध्ये बोटानं घासलं की जातंय की." 2021 ला गूगलनं पिक्सेल 6 मध्ये मॅजिक इरेझर आणला आणि नंतर बऱ्याच फोनात असलं काहीतरी आलं, तेव्हापासून घरात माझी किंमत उतरलीच आहे. त्यानं त्याच्या फोनवर घासून दाखवलं. छत्री गेली, छत्रीबरोबर काकांचा हात पण गेला. काकांना न दाखवता आम्ही तो डिलीट केला.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं, पण नंतर एकेकाचे फोन सुरू झाले, सगळे हळू आवाजात. आत्तीला जावयाचा भाऊ नको होता, "तो मध्येच घुसतंय बघ." जावयाला मेव्हणा नको होता. मेव्हण्याला कुणाबद्दल तक्रार नव्हती, फक्त स्वतःचं पोट. सगळ्यांचं ऐकलं असतं तर फोटोत धबधबा तेवढा राहिला असता, आणि तो गूगलवर फुकट मिळतोय.

शेवटी घरचे सगळे ठेवले, बाहेरचे सगळे काढले आणि ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत आत्तीचा फोन.

"अगा, कणीसवाला कुठं गेला?"

"तूच म्हणालीस की सगळी काढ."

"त्याचे वीस रुपये द्यायचे राहिलेत गा! परत गेल्यावर ओळखू कसं त्याला? घाल की तेवढा परत."