रंगहीन कुणाला?

मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज मी नेहमीसारखा सोडून दिला असता. पण आईने तो मला वेगळा पाठवला, खाली एक ओळ: "अरे, मग ते कार्बनचं सगळं खोटंच का?" आता लिहिणं आलं.

मेसेज थोडक्यात असा: कार्बन डायऑक्साइड हवेत जेमतेम ०.०४ टक्के, इतकं कमी मोजताच येत नाही. तो रंगहीन, म्हणून लेझर त्यातून आरपार जातो आणि आकडा कॉम्प्युटर ठोकून देतो. शिवाय मोजणी चालते ज्वालामुखीवर. शेवटी 'जागे व्हा' आणि हात जोडलेले तीन इमोजी.

आधी रंगहीनचं, कारण डोक्यात तेच गेलं. रंगहीन कुणाला? आपल्या डोळ्यांना. टीव्हीच्या रिमोटचा प्रकाश तरी मामांना कुठे दिसतो? चॅनेल बदलतंच ना! हा वायू तसेच न दिसणारे इन्फ्रारेड किरण शोषतो हे जॉन टिंडलने १८५९ मध्येच प्रयोगाने दाखवलं. आजच्या यंत्रात वीतभर पोकळीत हवा घेतात आणि १६०३ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे इन्फ्रारेडच, लेझर सोडतात. आतले आरसे इतके लख्ख, की प्रकाश त्यांच्यावर आपटत आपटत पंधरा-वीस किलोमीटर चालतो. मग लेझर बंद करून आतला उजेड किती मायक्रोसेकंदांत विझतो ते बघायचं. वायू जास्त, तर लवकर विझतो. पुन्हा तेच, पण तरंगलांबी जराशी सरकवून, जिथे हा वायू काही गिळत नाही. तिथला वेळ निव्वळ आरशांचा. उरलेला फरक वायूचा. यात ठोकून काय दिलं?

मामांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा भूलतज्ज्ञ स्क्रीनवर जी लाट बघत होते, ती मामांच्याच उच्छ्वासातल्या या रंगहीन वायूची. तिथे लेझर नव्हता, साधे इन्फ्रारेड किरण, पण तत्त्व तेच. तेव्हा मामा काही बोलले नाहीत. (भूल दिलेली होती, ते सोडा.)

०.०४ टक्के म्हणजे एका घन सेंटीमीटर हवेत या वायूचे एकावर सोळा शून्यं इतके रेणू. कमी म्हणे!

ज्वालामुखीचं अर्धं खरं आहे, मान्य. ही मोजणी चालते तो हवाईतला मौना लोआ ज्वालामुखीच, आणि वारा फिरला की विवराकडचा वायू कधीकधी यंत्रापर्यंत येतो. तेव्हा आकडा हेलकावे खातो आणि ते तास हिशोबातून वगळतात. नोव्हेंबर २०२२ च्या उद्रेकाने तर रस्ता आणि वीजच तुटली. मोजणी शेजारच्या मौना केआवर न्यावी लागली. पण दक्षिण ध्रुवावरच्या केंद्रापाशी कुठला ज्वालामुखी? गोव्यात काब द रामला १९९३ पासून समुद्रावरची हवा बाटल्यांत भरून तपासायला ऑस्ट्रेलियाला जायची, तिथे कुठला? या वायूचा चढ सगळीकडे तोच.

आणि मुख्य म्हणजे, मौना लोआवर अमेरिकेच्या 'नोआ' संस्थेने लेझरचं यंत्र बसवलं एप्रिल २०१९ मध्ये. त्याआधी तिथे जुनं इन्फ्रारेड यंत्र होतं. हवेच्या दशलक्ष भागांत हा वायू १९५८ मध्ये ३१५, २०२४ मध्ये सरासरी ४२४.६. लेझर आकडे बनवत असता तर २०१९ ला आलेखात पायरी दिसली असती. आईला तो आलेख पाठवला आणि विचारलं, यंत्र कुठे बदललं ते शोध.

"कुठे रे? एकसारखंच चढतंय की," आई म्हणाली.

तोच आलेख ग्रुपवरही टाकलाय. मामांच्या दोन निळ्या टिका आल्यात.