चरबीचा फुगा आणि त्यातले धागे : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. उत्तराला उशीर झाला, मालवणात तीन दिवस पाऊस धरून होता आणि लाईटचा पत्ता नव्हता. कृत्रिम पेशीवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं की चरबीच्या फुग्यात चार धागे सोडले म्हणून पेशी होत नाही, मी उगाच "कृत्रिम पेशी" म्हणून लोकांना भुलवतेय. अर्धं मला मान्य आहे. ती जिवंत नाही, खात नाही, वाढत नाही, आणि हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं, ते राहिलं ही माझी चूक.

पण "चार धागे" हे नाही पटलं. हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान कधी मायक्रोस्कोपखाली बघितलंय? मी दरवर्षी कॉलेजात मुलांना दाखवते. गावच्या तळीतून एक काडी आणायची, पान पाण्याच्या थेंबात ठेवायचं, वर काच, आणि दिव्याची ऊब लागली की थोड्या वेळाने ते हिरवे दाणे पेशीच्या भिंतीला धरून एकामागोमाग एक चालायला लागतात, जत्रेत देवळाला प्रदक्षिणा घालतात ना माणसं, तसे. ते नुसते तरंगत नाहीत काका. आत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रोटीनचे धागे असतात, जाडी साधारण 7 नॅनोमीटर, त्यांच्यावरून मायोसिन नावाचं प्रोटीन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून पुढे सरकतं आणि त्या ओढीने सगळा प्रवाह फिरतो. अशा धाग्यांनाच पेशीचा सांगाडा म्हणतात. सांगाडा म्हटलं की आपल्याला माटवाचे खांब आठवतात, एकदा पुरले की पुरले. हा माटव असा की खाली लग्न चालू आहे आणि एका टोकाचे खांब निघतायत, दुसऱ्या टोकाला नवे लागतायत.

म्हणून तर 2014 चा म्युनिकचा प्रयोग मला एवढा मोठा वाटतो. त्यांनी चरबीच्या फुग्यात मायक्रोट्युब्यूल (सांगाड्यातल्याच प्रोटीनच्या नळ्या), त्यांच्यावरून चालणारं कायनेसिन हे प्रोटीन आणि एटीपी घातलं, फुगा थोडा सैल केला, तर तो स्वतःहून आकार बदलायला लागला, बाहेर बोटांसारखे कोंब काढायला लागला. आत एकही जीन नाही! प्रोटीनं सजीवांकडूनच घेतलेली, हे खरं. पण 2024 मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात पेप्टाइड (प्रोटीनसारख्याच पण छोट्या साखळ्या) आणि डीएनए जोडून सांगाडाच नव्याने बनवला, त्यात डीएनए माहिती साठवायला नाही, तर बांधायला वापरलाय, आणि तो 50 अंश सेल्सिअसलाही टिकला.

"याचा उपयोग काय" असंही विचारलंत. खऱ्या पेशीत हजारो प्रोटीनं एकाच वेळी राबत असतात, एक काढलं की दुसरं त्याची जागा घेतं नाहीतर पेशीच मरते, मग कोण काय करतं हे कळायचं कसं? फुग्यात आपण घातलं तेवढंच असतं.

"ही जिवंत नाही" हे वाक्य आज लेखात वर टाकलंय. गणपतीनंतर दोन दिवस गावी थांबणार असाल तर कॉलेजात या, पान मी आणून ठेवते.