आजी उतरेनात

काल संध्याकाळी बायकोनं माझा शर्ट दोरीवरून काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. पोटावर बारीक भोकं, मोजून अकरा. "लग्नाला गेला होता की उंदरांच्या पंगतीला?" तिनं विचारलं. लग्नातून आलो तेव्हा शर्ट धड होता. बॅटरीच्या ॲसिडची ही रीतच आहे. उडतं तेव्हा कळत नाही, आणि कॉटनचा कपडा एकदा धुतला की जिथं थेंब पडला तिथलं सूत विरून जातं. साडेनऊशेचा शर्ट, पहिल्यांदाच घातलेला.

विजापूर रोडच्या पुढं एक लॉन आहे. नाव सांगत नाही, मालक ओळखीतले आहेत. फाटकापासून मांडव लांब पडतो म्हणून त्यांनी कुठल्याशा रिसॉर्टातली जुनी गोल्फ कार्ट उचलून आणलीय. सोलापुरात गोल्फ खेळताना मी आजवर कुणाला बघितलेलं नाही. जमिनीत खड्डा करून त्यात गोळी घालायच्या खेळाला आम्ही गोट्या म्हणतो, आणि त्याला गाडी लागत नाही. इथं सगळे तिला बग्गी म्हणतात, मीही तेच म्हणतो.

मे महिना, ऊन मी म्हणतंय, अक्षता 12 वाजून 35 मिनिटांनी. मी सव्वाबाराला पोचलो तर फाटकाच्या आत दहा पावलांवर बग्गी बसलेली, आणि बग्गीत नवरदेवाच्या आजी बसलेल्या.

"हे आले बघा, इलेक्ट्रिकलवाले!" कुणीतरी ओरडलं.

मी तीस वर्षांपूर्वी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, नोकरी मात्र पतसंस्थेत केली. लोकांना माझी पतसंस्था लक्षात राहत नाही, डिप्लोमा राहतो. लग्नात डॉक्टरपुढं कुणी जीभ काढली तर "उद्या दवाखान्यात या" म्हणायची त्याला सोय आहे. मला नाही. शिवाय स्कूटरच्या डिकीत मी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, ठेवतो, हे पण लोकांना माहीत आहे. तो माझाच गाढवपणा.

बग्गी चालवणारा पोरगा वीसेक वर्षांचा. "चार्जिंग फुल्ल हाय की काका. हॉर्न बघा." त्यानं हॉर्न वाजवला. खणखणीत वाजला. "लाइटी बी लागायल्यात."

आता ह्याला काय सांगणार? हॉर्नला करंट लागतो चिमूटभर. मोटर गाडीला जागची हलवते तेव्हा शंभराच्या वर अँपिअर ओढते. तारेचा सांधा सैल असला तर चिमूटभर निघून जातं, पोतं अडकतं. लग्नघरात नाही का, "काही लागलं तर सांगा" म्हणणारे शंभर असतात आणि पाण्याचं पिंप उचलायच्या वेळी एक जण सापडत नाही.

"आजी, जरा खाली उतरा," मी म्हणालो. "बॅटऱ्या सीटखाली असतात, सीट उचलावी लागते."

"मी नाही उतरत."

"पाच मिनिटं."

"मांडवापर्यंत गाडीनं नेतो म्हणून आणलेत मला. नवरदेवाची आजी हाय मी. फाटकात उतरून चालत जाऊ? व्याह्याची माणसं बघायलीत."

"दीडशे पावलं पण नसतील, आजी."

"सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मागं अडुसष्ट लिंगं चालत केलीत मी. तेव्हा तुझी बॅटरी कुठं होती रे?"

"मग एवढं चाललाय तर आता..."

"तेव्हा गुडघे होते!"

ह्यावर डिप्लोमाच्या तीन वर्षांत काही शिकवलेलं नव्हतं.

चार्जरची पिन लावलेली असली तर गाडी हलत नाही, म्हणून आधी ती बघितली. निघालेली होती. बाकी सगळं सीटखाली. फ्यूज सीटखाली, गाडी ओढायची की चालवायची ते ठरवणारा टो-रनचा खटका सीटखाली, मोटरकडं करंट सोडणारा मोठा खटका, म्हणजे सोलेनॉइड, सीटखाली, आणि सीटवर आजी. राहिली आवाजाची परीक्षा. किल्ली फिरवायची, लिव्हर पुढं टाकायचा, पॅडल दाबायचं. सोलेनॉइड 'टक्' बोलला तर किल्ली, पॅडलखालचा मायक्रोस्विच वगैरे सगळे निर्दोष, आणि चोर पुढं, जाड वायरींच्या बाजूला. टक् आलीच नाही तर चोर अलीकडं. सोपं आहे. फक्त शेजारी बँडवाले होते. "जरा थांबता का?" म्हटलं तर ट्रम्पेटवाल्यानं ती फर्माइश समजून आवाज वाढवला.

पोरगं पॅडल दाबतंय, मी मागच्या चाकाशी कान लावून ओणवा, आणि वरून आजींचा आवाज, "दाबलं की खाली टक् करायलंय बघ."

"काय म्हणालात?"

"टक्! बुडाला लागायलंय!"

मी पोराला म्हटलं, सोड. परत दाब. "आत्ता केलं," आजी म्हणाल्या. मी त्याला खूण करून एकदा नुसतंच थांबवलं. "आत्ता नाही केलं." तीनदा घेतलं, तिन्ही वेळा बरोबर. माझ्या मल्टिमीटरला 'ऑटो पॉवर ऑफ' आहे, आजींना तेही नव्हतं.

म्हणजे चोर पुढं. आता सीट उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. बग्गीला मागं आणखी एक सीट होती, मागं तोंड करून बसायची. म्हटलं, आजींना उचलून तिथं बसवू.

"बेडप्पा, बेड!" आजी कडाडल्या. रागात त्या कानडीवर जायच्या. सोलापुरात राहणाऱ्याला 'नको' तीन भाषांत कळतं. "मांडवाकडं पाठ करून जाऊ? नातवाच्या लग्नाला चाललेय का मसणात?"

बारा सत्तावीस. फाटकात तीन गाड्या हॉर्न मारत होत्या, आणि जमलेले पंधरा-वीस पुरुष मला 'फेज गेला असेल' असं सांगत होते. फेज असतो खांबावरच्या विजेला, बॅटरीच्या गाडीत कुठला फेज! एकानं तर अर्थिंग बघा म्हटलं. हे सगळे नंतर पहिल्या पंगतीला बसले, ते मी विसरलेलो नाही.

शेवटी मीच तोड काढली. बग्गी न्यूट्रलला टाकून पोरांकडून ढकलत उलटी फिरवली. आता तिचं ढुंगण मांडवाकडं, म्हणजे मागच्या सीटचं तोंड मांडवाकडं. आजींनी दोन्ही टोकं नीट न्याहाळली, व्याह्यांकडं एक नजर टाकली आणि "हं" म्हणाल्या. चौघांनी त्यांना इरकलीच्या घोळासकट उचलून मागं ठेवलं.

सीट उचलली आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, एकीला एक जोडून 48 व्होल्ट. वर धुळीचा थर. एका टर्मिनलवर निळसर-हिरवी बुरशी अशी फुललेली की शिसं दिसेना. बूच उघडून आत बघितलं तर पाणी प्लेटांच्या खाली.

"पाणी कधी घातलं होतंस?"

"बॅटरीला? जारचं घातलं होतं की. संक्रांतीला."

मी गप्प बसलो. आमच्या शहराला उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यात ज्यांची हयात गेली त्यांनी बॅटरीला चार-पाच महिन्यांआड पाजलं तर नवल काय! पण माणूस टँकर मागवतो, मोर्चा काढतो. बॅटरी गुपचूप मरते. तिला डिस्टिल्डच लागतं. जारच्या पाण्यातले क्षार प्लेटांचं वाटोळं करतात, हे मी ह्या मालकांना मागच्या दिवाळीतही सांगितलं होतं. तेव्हा ते 'हो हो' म्हणाले होते. 'हो हो' हे सोलापुरी मालकाचं सगळ्यात स्वस्त उत्तर आहे, त्याला जीएसटीसुद्धा लागत नाही.

चाकांना विटा लावल्या. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या खुंटावर, दुसरी त्याच खुंटाला घट्ट बसलेल्या म्हणवणाऱ्या लगवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीवर. पॅडल दाबलं. तिथं जवळपास शून्य दिसायला पाहिजे. एकवीस व्होल्ट दाखवले. अठ्ठेचाळीसातले एकवीस त्या बुरशीतच अडकत होते! वायरीवरचं रबर तिथं वितळून चकाकत होतं.

आचाऱ्याकडं खायचा सोडा मागितला. "भजी झाली की वो," तो म्हणाला. किल्ली बंद केली, बोटातली अंगठी काढली, बुचं घट्ट केली, सोड्याचं पाणी ओतलं. फस्सकन फेस आला. पान्ह्याला टेप गुंडाळून नट सोडवला, खुंट आणि लग चाकूनं खरवडले, पुसले, परत आवळले. हे सगळं बॅटऱ्यांवर पोट टेकून. शर्टाचं जे झालं ते तिथंच झालं. प्लेटा बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर माझ्याच डिकीतल्या बाटलीतनं घातलं. बाटली माझी, पैसे माझे.

बारा तेहतीस. पोरानं पॅडल दाबलं, बग्गी हलली. टाळ्या पडल्या. आता वळवून घे म्हटलं तर मागून आवाज, "वळवायची नाही. माझं तोंड बरोबर हाय."

त्यामुळं बग्गी रिव्हर्समध्ये निघाली. रिव्हर्सचा बझर टीं टीं टीं, पुढं बँड, मध्ये मांडवाकडं तोंड करून देवीसारख्या बसलेल्या आजी, आणि शेजारून ओल्या पोटानं पळणारा मी, कारण "तू संगं चल, परत बंद पडली तर?" पोराला मागचं दिसेना, म्हणून "डावीकडं, डावीकडं" ओरडायचं कामही माझ्याकडं आलं. वर ड्रोन फिरत होता. अक्षता पडल्या तेव्हा आम्ही मांडवाच्या तोंडाशी होतो, माझ्या हातातला पान्हा तसाच.

उतरल्यावर आजींनी कमरेची पिशवी सोडली. पोराला वीस रुपये दिले, मला दहा.

"आजी, दुरुस्त मी केली."

"त्यानं चालवली," त्या म्हणाल्या. "तू नुस्ता वाकून बसला होतास."

मी दहा घेतले. नाही म्हणायला हवं होतं, हे घरी आल्यावर सुचलं. पंगतीला गेलो तर वाढप्यानं मला बघून "ड्रायव्हर लोकांचं मागं हाय" म्हणून सांगितलं.

आज सकाळी मालकांचा फोन. बग्गी परत बसलीय.

"पाणी भरलं का?" मी विचारलं. "त्या दिवशी नुसत्या प्लेटा बुडवल्या होत्या. फुल चार्ज करून मग वरपर्यंत भरा म्हटलं होतं."

"भरणार हाय की वो. पण इकडं पाणी परवा येणार."

"मालक, नळाचं नाही. डिस्टिल्ड."

"हो हो. तेच म्हणतोय. पण आधी नळाला येऊ तर द्या."