करवीचा फेरफार

कॉलनीच्या बागेतल्या झाडांना नावाच्या पाट्या लावायच्या, हा ठराव वार्षिक सभेत चहा गार व्हायच्या आत मंजूर झाला. काम कुणी करायचं हा विषय निघाल्यावर मात्र सगळे आपापल्या बशीत बघू लागले. शेवटी नजरा माझ्यावर येऊन थांबल्या. मी तीस वर्षं हायस्कूलवर मराठी शिकवलं, झाडांशी माझा संबंध भाजीपुरता. पण साताऱ्यात मास्तर म्हणजे मास्तर. त्याला सगळं येतं आणि त्याला वेळ असतो.

"नुसतं 'अडुळसा' नको, शास्त्रीय नाव पायजे," चेअरमन म्हणाले. "कॉलनीचं वजन वाढतं."

धाकट्या भावाचं कॉलेजातलं वनस्पतिशास्त्राचं पुस्तक माळ्यावर सापडलं. पुठ्ठा उंदरांनी खाल्लेला, आतली नावं मात्र शाबूत. ती उतरवून मी बापू पेंटरकडं गेलो. बापूचा दर अक्षरावर. साध्या अक्षराला आठ रुपये, जोडाक्षराला बारा, रफार दिसला की तो जीभ चावून आणखी दोन लावतो. लॅटिन भाषा ही पेंटरांच्या संघटनेनं काढली असावी असा माझा तेव्हापासूनचा संशय आहे.

अकरा पाट्या झाल्या. हिरव्या पत्र्यावर पांढरा ऑइलपेंट, कोपऱ्यात एकेक पिवळं फूल, तेही सगळ्या झाडांना एकच. चेअरमननी नारळ फोडला. फोटो कोल्हापूरला एम.एस्सी. करणाऱ्या भाचीला पाठवला. वाटलं, पोरगी खूश होईल.

"मामा, ही नावं कुठल्या काळातली? तरवडाला कॅसिया कुणी म्हणत नाही आता. सेना झालंय ते."

"सेना? कुठली?"

"मामा!"

मग तिनं एकेक पाटी घेतली. भारंगी क्लेरोडेंड्रममधून उठून रोथेकात गेली होती. पिवळ्या कण्हेरीचं थेवेशिया जाऊन कास्काबेला झालं होतं. निर्गुडीचं नाव जागेवर होतं, पण तिचं कूळच हलवलं होतं. ती आता तुळशीच्या घराण्यात. हे कळल्यावर आमच्या सौ.नी निर्गुडीकडं जरा आदरानं बघायला सुरुवात केली.

अडुळशाची कथा तर ऐकण्यासारखी. झाडांना दोन शब्दी शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसनं 1753 मध्ये त्याचं नाव ठेवलं जस्टिसिया अधाटोडा. 1832 मध्ये नीस नावाच्या जर्मन पंडितांनी त्याला जस्टिसियाच्या घरातून बाहेर काढून अधाटोडा व्हॅसिका केलं. पुढं कुणी म्हणालं व्हॅसिका नव्हे, झेलॅनिका. आणि आता सगळं फिरून पुन्हा जस्टिसिया अधाटोडा. म्हणजे लिनियस बरोबर होता आणि मधली सगळी मंडळी पाट्या खोडत होती. आमच्या घरातल्या खोकल्याच्या बाटलीवर मात्र अजून व्हॅसिकाच आहे, आणि खोकला त्यानंच थांबतो.

पण माझा खरा घात केला करवीनं.

करवीचं ते झुडूप बामणोलीकडच्या आबांनी स्वतःच्या बांधावरून आणून लावलेलं. आबा सांगतात, त्यांच्या जुन्या घराच्या भिंती करवीच्या काठ्यांच्या कुडाच्या, वरून शेणमातीचा गिलावा. त्यांना करवी म्हणजे भिंत. फूल हा नंतरचा विषय, कारण ते सात वर्षांतून एकदा येतं. एकदा डोंगर जांभळा करून झाडं वाळतात, आणि पुढं पावसाचे थेंब पडले की वाळली बोंडं तडातडा फुटून बी उडतं. "लाह्या भाजल्यागत," आबा म्हणतात.

माझ्या पाटीवर होतं 'कार्व्हिया कॅलोसा'. मला ते मनापासून आवडलं होतं. करवीचंच लॅटिन बारसं!

"कार्व्हिया गेलं, मामा. आता स्ट्रोबिलँथिस कॅलोसा."

"आता म्हणजे कधीपासून?"

"तसं बघितलं तर 1832 पासून."

तिनं मला सगळी वंशावळ सांगितली. मला ती सात-बारा हातात धरल्याशिवाय कळली नाही. मूळ पुरुष ब्लूम नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यानं 1826 मध्ये जावाकडच्या झुडपांवरून स्ट्रोबिलँथिस हे घर मांडलं. नीसनं, हो, तेच अडुळसावाले नीस, आपल्या करवीला त्यात घेतलं. भावकीत कुरबुरी तेव्हापासूनच होत्या. 1944 मध्ये ब्रेमेकँप नावाच्या डच शास्त्रज्ञांनी परागकणांवरची नक्षी सूक्ष्मदर्शकातून बघून रीतसर वाटणी केली. किती हिस्से? 54! आमच्याकडं चार भावांची वाटणी झाली तर बांधावर कुऱ्हाडी निघतात. इथं 54 चुली झाल्या आणि एका झुडपानं हूं केलं नाही. करवी कार्व्हियात गेली. कासच्या पठारावरची टोपली करवी, ती उपड्या टोपलीसारखी गोल असते ना, ती प्लिओकॉलसमध्ये. मुन्नारकडची बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी फ्लेबोफायलममध्ये. पुढच्या मंडळींनी डीएनएपर्यंत तपासून बघितलं, तर या चुली काही धड वेगळ्या पेटेनात. म्हणून पुन्हा सगळ्यांची नावं एकाच उताऱ्यावर. आमच्या वडिलोपार्जित साडेतीन एकरांचं असं कुणी केलं असतं तर मी त्याला जन्मभर फुकट मराठी शिकवलं असतं.

पाटी घेऊन पुन्हा बापूकडं गेलो. त्यानं चष्मा वर सारला.

"झाडाचं नाव बदललं म्हंजी? गॅझेट झालंय का, सर?"

"नसतं गॅझेट."

"आमच्या पुतण्यानं नाव बदललं तर वर्षभर हेलपाटे. गॅझेट दाखवा, आधार दाखवा. आन् झाड बसल्या जागी बदलतंय?" त्यानं रॉकेलच्या बोळ्यानं 'कार्व्हिया' पुसायला घेतलं. 'का' चटकन गेला, 'र्व्हि' मात्र जाईना. त्याचे पैसेही जास्त दिलेले. मग बोटांवर मोजत म्हणाला, "स्ट्रोबिलँथिस. 'स्ट्रो'मधे तीन अक्षरं कोंबलीत, त्याचे अठरा हुतील. आन् पुन्हा बदललं तर?"

मी भाचीला फोन लावला. पुन्हा बदलणार नाही अशी हमी दे म्हणालो. ती हसली. शास्त्रात हमी नसते म्हणे. सात वर्षांत फूल एकदा, आणि नावाचा भरवसा तेवढाही नाही!

तोडगा बापूनंच काढला. वर ऑइलपेंटनं ठळक 'करवी'. ते बदलायला कुणाचा बाप येत नाही, असं तो म्हणाला, आणि आबांनी मान डोलावली. खाली शाळेच्या फळ्याचा काळा रंग. शास्त्रीय नाव मी खडूनं लिहायचं, बदललं की डस्टर मारायचा. अकराही पाट्या तशाच करून घेतल्या. चेअरमननी पुन्हा नारळ फोडला.

पहिल्याच पावसात खडू वाहून गेला. मी दोनदा लिहिलं, दोनदा गेलं. तिसऱ्यांदा लिहायला गेलो तर जागा भरलेली. चेअरमनना काळी पाटी फारच सोयीची वाटली असावी. सध्या आमच्या बागेत करवीचं शास्त्रीय नाव 'उद्या सकाळी पाणी येणार नाही' असं आहे.