दंड वाढवण्याआधी घड्याळाकडे बघा

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शेनं दोन तरुण जीव घेतले. तेव्हापासून दारू पिऊन गाडी चालवण्याचा विषय निघाला की राज्यात एकच मागणी होते: शिक्षा वाढवा. अमेरिकेतून ही चर्चा वाचताना राहून राहून वाटतं, आपण भलत्याच कलमावर भांडतोय.

आपली मर्यादा मुळात कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा. इथे अमेरिकेत बहुतेक राज्यांत ८० पर्यंत चालतं. युटानं २०१८ च्या अखेरीस ते ५० वर आणलं.

कमी पडतो तो पुरावा. शरीर दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅम अल्कोहोल जिरवतं, म्हणजे मध्यरात्री ९० असलेला चालक सकाळी सहापर्यंत कोरा होतो. कलम २०२ अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी मागतं. कल्याणीनगरात अपघात पहाटे अडीचच्या सुमारास झाला आणि रक्त कित्येक तासांनी घेतलं गेलं, पुढे नमुनाच बदलल्याचा आरोप झाला. रक्त घेताना कातडी स्पिरिटनं पुसली किंवा नळीत नमुना टिकवणारं सोडियम फ्लोराइड नसलं, तरी बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. दोन सीलबंद नळ्या, त्यावर वेळ आणि सह्या, हे राज्य आपल्या आदेशानं आजच करू शकतं.

दुसरी गोष्ट लायसन्सची. इथे अनेक राज्यांत श्वास तपासणाऱ्या यंत्रात फुंकायला नकार दिला तरी लायसन्स निलंबित होतं, खटल्याच्या निकालाची वाट बघत नाहीत. आपल्याकडेही कलम २०६ खाली पोलिसांनी ते जप्त करून आरटीओकडे पाठवायचं असतं आणि कलम १९ प्रमाणे पहिल्या वेळी तीन महिने अपात्रता येऊ शकते. मग पावती फाडून चालकाला सोडतात कशाला?

इथली इंटरलॉक मात्र उचलावी अशीच आहे. डॅशबोर्डखाली हातात मावेल असं यंत्र असतं, नळीत फुंकल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. बाहेरच्या कुणी फुंकून दिलं तर? म्हणून चालत्या गाडीतही ते अधूनमधून पुन्हा फुंकायला लावतं. तेव्हा दारू सापडली तर इंजिन बंद पडत नाही, कारण भर रस्त्यात ते जीवघेणं ठरेल; नोंद होते, बऱ्याच यंत्रांत हॉर्नही वाजू लागतो. खर्च सहसा दोषी चालकाच्याच खिशातून जातो.

नाकाबंदीत मात्र महाराष्ट्र पुढे आहे. टेक्सासमध्ये पोलीस अशी सरसकट तपासणी करतच नाहीत. आपल्याकडे ती ३१ डिसेंबरपुरती न ठेवता दर शनिवारी रात्री, बार बंद होण्याच्या वेळेला लावायला हवी.