घडीचा फोन: आक्षेप जुने, अडचण वेगळीच

‘घडीचा फोन रोजच्या वापराचा नव्हेच, बिजागरी वर्षभरात मोडते, खिशात वीट ठेवल्यासारखे वाटते आणि पावसात तो हमखास मरतो,’ असा संदेश सध्या नाशिकच्या व्यापारी मंडळींत फिरतो आहे. वर्षभर असा फोन वापरणारा कांदा व्यापारी म्हणून मला त्यातला एकही मुद्दा जसाच्या तसा मान्य करता येत नाही.

बिजागरीचा आक्षेप २०१९ मध्ये रास्त होता. त्या एप्रिलमध्ये सॅमसंगचा पहिला फोल्ड काही परीक्षकांच्या हाती काही दिवसांतच बिघडला आणि त्याची विक्री सप्टेंबरपर्यंत लांबली. २०२५ च्या फोल्ड ७ चा पडदा मात्र चाचणीत पाच लाख वेळा मिटवून पाहिलेला आहे. दिवसाला शंभरदा उघडमीट धरली, तरी हा हिशेब साडेतेरा वर्षांवर जातो. अर्थात प्रयोगशाळेतले यंत्र फोन घाईघाईने, एका हाताने उघडत नाही, एवढी सूट मी द्यायला तयार आहे.

विटेची उपमा तर आता हास्यास्पद आहे. फोल्ड ७ चे वजन २१५ ग्रॅम, तर त्याच कंपनीच्या साध्या, न मिटणाऱ्या एस २५ अल्ट्राचे २१८. मिटलेली जाडी ८.९ मिलिमीटर, म्हणजे अल्ट्रापेक्षा जेमतेम पाऊण मिलिमीटर जास्त.

पावसाचे म्हणाल तर २०२१ पासूनच यांतले काही फोन दीड मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास टिकतील असे मानांकन घेऊन येतात. खरा प्रश्न धुळीचा आहे आणि संदेशात नेमका त्याचाच उल्लेख नाही. फोल्ड ७ चे मानांकन आयपी ४८ आहे; त्यातला आठ पाण्याचा, तर चार एवढेच सांगतो की एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठा कण आत जाणार नाही. लासलगावच्या आवारात लिलावाच्या वेळी उडणारी माती त्याहून कितीतरी बारीक असते. पूर्ण धूळरोधक, आयपी ६८ मानांकनाचा घडीचा फोन गूगलने २०२५ मध्ये आणला खरा, पण बहुतेकांच्या हाती अजून तसा फोन नाही. शिवाय आतला पडदा नखानेही दुखावेल इतका नाजूक असतो आणि तो बदलण्याच्या खर्चात एखादा बरा साधा फोन येतो.

पंचवटीतल्या माझ्या कार्यालयात अर्ध्या पडद्यावर भाव आणि अर्ध्यावर हिशेब उघडा असतो. ती सोय मी सोडणार नाही. लिलावाला जाताना मात्र तो फोन गाडीतच राहतो आणि खिशात जुना साधा फोन असतो.